मडगार्डवरचे पोचे

नाना,

तुमची अंत्ययात्रा मोठ्या थाटात निघाली, हे तुम्हाला कळवायला हवं. त्या वेळी तुम्ही ट्रॉलीत झोपलेले होता.

वेशीपासून शाळेपर्यंत फ्लेक्स लागले होते. सगळ्यांत मोठ्या फ्लेक्सवर सभापतींचा फोटो तुमच्या दुप्पट होता, त्यामुळं बाहेरगावचे काही लोक आधी त्यांच्यासाठीच हळहळले. तुमच्या डोक्यावर कुणीतरी संगणकातून गुलाबी फेटा चढवला होता. फेट्याखाली कान झाकले की इंजिन काय बोलतंय ते कळत नाही, म्हणून तुम्ही आयुष्यभर टोपी घातलीत. पण मेलेल्या माणसाला फेट्याबद्दल विचारायची पद्धत नाही. सभापती बोलायला उभे राहिले. तुम्ही आदर्श शेतकरी होता, शांत होता, संयमी होता, आणि ‘घरातल्या प्रत्येक लेकराला नानांनी फुलासारखं जपलं’ असं ते म्हणाले. आम्ही चुलतभाऊ एका रांगेत उभे होतो. त्या वाक्यासरशी सगळ्यांनी नकळत डावा पाय मागं घेतला.

मग सभापतींचा ड्रायव्हर तुमच्या ट्रॅक्टरवर चढला. नव्या, पॉवर स्टिअरिंगच्या गाड्या चालवणारा माणूस. तुमच्या लाल म्हातारीच्या बॉनेटवर झेंडूच्या माळा होत्या, आणि तिचा क्लच शेवटच्या बोटभर अंतरात एकदम धरतो, हे त्याला ठाऊक नव्हतं. घरातल्या कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं. विचारलं नाही. पुढं बाळूदादा उभा होता, तुमचा एकुलता एक मुलगा, हातात विस्तवाचं मडकं घेऊन, ट्रॅक्टरकडं पाठ करून. ड्रायव्हरनं पाय उचलला आणि म्हातारीनं उडी मारली. ट्रॉलीत तुम्ही हातभर मागं सरकलात. म्हातारी बाळूदादाच्या पाठीपासून जेमतेम दोन हातांवर येऊन बंद पडली. त्याच्या हातातलं मडकं खाली फुटलं आणि निखारे रस्त्यावर पसरले.

बाळूदादा मागं वळला नाही. तो तिथंच खाली बसला, दोन्ही हातांनी उजवा पाय धरून.

गर्दीला वाटलं बापाच्या दुःखानं बसला. तो का बसला ते आम्हाला माहीत होतं. तुम्हालाही.

*

तुमच्याकडं ट्रॅक्टर शिकण्याची एक रीत होती. तुम्ही देवणी बैलांची जोडी विकून हा जुना ट्रॅक्टर घेतलात आणि जुवाची एक शिवळ ठेवून घेतलीत. बैलाची मान जुवाबाहेर जाऊ नये म्हणून जुवाच्या टोकाला घालतात ती हातभर लांब, बाभळीची खुंटी. बैल गेले, शिवळ राहिली, आणि मानेच्या जागी आमचे घोटे आले.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी अहमदपूरहून यायचो. घरातलं जे पोर क्लचपर्यंत पाय पुरवील ते शिकायच्या वयाचं झालं, असा तुमचा हिशोब. उजव्या मडगार्डवर तुम्ही काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायचात. आम्ही पहिल्या गिअरमध्ये म्हातारी हलवायची. पाणी सांडलं नाही तर पुढं. सांडलं तर डाव्या बाजूनं, बैलाच्या कडेनं चालावं तसे सोबत चालणारे तुम्ही, घोट्यावर शिवळ हाणायचात. मोठ्यानं नाही. नेमकी. हाडावर.

तुम्ही दात खाऊन मारत नव्हता, हे मला मोठेपणी जास्त टोचत राहिलं. रागातला मार विसरता येतो. तुम्ही नांगराचा फाळ ठोकावा तसे, कामाचा भाग म्हणून मारत होता. वर चहाच्या वेळी तुम्हीच मोठ्याआईकडून, बाळूदादाच्या आईकडून, हळद गरम करून आणायचात आणि ज्या घोट्यावर मारलं त्याच घोट्यावर लावायचात. लावताना विचारायचात, ‘पाणी का सांडलं, सांग.’ मी सांगायचो, ‘तुमच्या भ्यानं.’ तुम्ही म्हणायचात, ‘भ्या वाटलं की पाय हळू येतो. त्याच्यासाठीच हाय ते.’

औशाचे उस्मान मिस्त्री म्हातारीची क्लचप्लेट बदलायला यायचे. एकदा आमची सुजलेल्या पायांची रांग बघून ते तुम्हाला म्हणाले, ‘नाना, प्लेट तो मैं बदल दिया. पोट्ट्यांके टखने, ये घोटे, किसकू बोलके बदलाते?’ तुम्ही हसलात. आम्हीही हसलो. उस्मान मिस्त्री हसले नव्हते.

आणि तरी, नाना, ज्या दिवशी तांब्या हलला नाही, तो दिवस मी कशाला नाकारू? मी बांधाच्या कडेनं म्हातारीला वळवून आणलं आणि पाण्यावर साधा तरंग नव्हता. तुम्ही तांब्या उचललात, त्यातलं अर्धं पाणी म्हातारीच्या बॉनेटवर ओतलंत, बैलाच्या कपाळावर ओतावं तसं, आणि उरलेलं मला प्यायला दिलंत. एवढा मान मला पुढं कुठल्याच पदवीनं दिला नाही. पोळ्याला तुम्ही म्हातारीवर झूल घालायचात, स्टिअरिंगला बेगड लावायचात. गाव हसायचं. त्या वर्षी झूल घालायला तुम्ही मला हाक मारलीत. बाळूदादाला नाही.

बाळूदादाचं पाणी नेहमी सांडायचं.

तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. तो सारखा कडेला बघायचा, शिवळ कुठं आहे ते. त्या दुपारी तुरीच्या वावरात, तुमचा हात नुसता वर गेला होता. मारलंही नव्हतं अजून. त्यानं उजव्या बाजूनं उडी टाकली. म्हातारी गिअरमध्ये होती. मागचं चाक त्याच्या पायावरून गेलं, आणि नंतर तांब्या पडला. दोन्ही आवाज मी ऐकले. तांब्याचा मोठा होता.

तुम्ही त्याला दोन्ही हातांवर घेऊन औशापर्यंत, मिळेल त्या जीपमध्ये, मांडीवर धरून नेलंत. पायाची बोटं गेली. तो शुद्धीवर आल्यावर तुम्ही त्याला एकच विचारलंत.

‘उडी कशाला मारलीस?’

त्यानंतर त्या विषयावर तुम्ही कधी तोंड उघडलं नाहीत. तो पुन्हा ट्रॅक्टरवर चढला नाही.

*

पुढच्याच वर्षी गणपतीला मी गावी होतो. विसर्जन करून बाळूदादा आणि मी शेतातल्या आखाड्यावर पत्र्याच्या खोलीत झोपायला गेलो. म्हातारीही तिथंच उभी होती. पहाटे जमीन हलली. पत्रे वाजले, म्हातारी आपोआप पुढंमागं डोलली, आणि मग गावाच्या बाजूनं धुळीचा एक ढग वर आला. उजाडायला लागलं तेव्हा त्या ढगाखाली गाव नव्हतं.

भूकंपावर पुढं पुष्कळ छापून आलं. मी त्यातलं पुष्कळ वाचलंही. त्यात आपल्या भिंतींची रुंदी असते, माळवदावरच्या मातीचं वजन असतं. आवाज नसतो. दगडाखालून येणारा आवाज सुरुवातीला सगळ्यांचा असतो आणि ऊन वर येईल तसा एकेकाचा कमी होतो.

तुमचा आवाज होता. तुम्ही शिव्या देत होता, म्हणून घर सापडलं. माळवदाची सागाची मुख्य तुळई तुमच्या मांडीवर पडली होती, आणि तिच्यावर आख्खं छप्पर तोललेलं होतं. मोठीआई तुमच्या पलीकडं होती. तिचा आवाज नव्हता. तुळई समोरून सरळ ओढली तर तुम्ही निघणार होता. झटका बसला असता तर वरचं सगळं खाली येणार होतं. माणसांच्या हातांनी ती हलत नव्हती. मी आखाड्यावरून म्हातारी आणून घरापुढं उभी केली.

‘तू चढ,’ बाळूदादा मला म्हणाला. ‘साखळी मी बांधतो.’

तो पालथा पडून त्या भोकात शिरला. तोडक्या पायानं. वरून माती गळत होती. ज्याच्या मांडीवर तुळई होती त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर तो साखळीची गाठ मारत होता, आणि दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. तो बाहेर आला, बाजूला झाला आणि मला खूण केली.

मी सातवीत होतो. क्लच दाबला तेव्हा माझी मांडी थरथरत होती. मग आतून तुम्ही बोललात. शिव्या थांबल्या होत्या.

‘आरं, तांब्या ठेवलाय असं समज.’

मी पाय उचलला. साखळी ताठ झाली. म्हातारी त्या शेवटच्या बोटभर अंतरात आली आणि मी तिला तिथंच धरून ठेवलं, धरून ठेवलं, आणि तुळई मुंगीच्या पावलानं सरकायला लागली. लोकांनी तुम्हाला खांद्यांना धरून ओढलं. तुम्ही बाहेर आलात आणि मागं छप्पर बसलं. मोठीआईला दुपारी काढलं.

त्या दिवशी त्या ट्रॉलीतून मी कुणाकुणाला नेलं ते तुम्हाला माहीत आहे, कारण पहिल्या खेपेला मांडी मोडलेले तुम्ही मोठीआईच्या शेजारीच आडवे होता. गोधड्या संपल्यावर ताडपत्री आली. ताडपत्री संपल्यावर काहीच नाही. ज्या वयाच्या पोरांना शाळेत सहलीला नेतात त्या वयात मी आपली अर्धी आळी नदीकाठी नेऊन सोडली. तुम्ही एकदाही ‘हळू’ म्हणाला नाहीत. म्हणायची गरजच नव्हती.

*

आणि इथूनच आपलं भांडण सुरू झालं. ते आता अर्धवट पडलं आहे.

तुमचं म्हणणं : ‘मी मारलं म्हणून त्या दिशी तुझा पाय ठरला. न्हाईतर मी बी तिच्याबरूबर गेलो असतो.’

माझं म्हणणं : माझा पाय त्या दिवशी ठरला, कारण आयुष्यात पहिल्यांदा माझ्या कडेनं शिवळ घेऊन कुणी चालत नव्हतं. शिवळ घेणारा तुळईखाली होता.

तीस वर्षं आपण हेच भांडलो. नव्या वसाहतीतल्या सिमेंटच्या घरात, शेंगा फोडत. मी शिकलो, लातुरात कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायला लागलो, तेव्हा तुम्ही मला ‘मास्तर’ म्हणून हिणवायला लागलात. मी तुम्हाला घर्षण समजावून सांगायचो. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि म्हणायचात, ‘मंजी मीच बरुबर.’

एकदा मी तुम्हाला लातूर दाखवायला आणलं. चौकाचौकात पहिल्या आलेल्या मुलांचे, इमारतीएवढे फोटो. तुम्ही बराच वेळ मान वर करून बघितलंत आणि गंभीरपणे विचारलंत, ‘एवढी पोरं हरवली का रं?’

मी हसत सुटलो. मग तुम्ही माझा वर्ग बघितलात. चाचणीचे नंबर लावलेली भिंत बघितलीत. त्या भिंतीसमोर एक मुलगी उभी होती, आपलं नाव खालून शोधत. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणालात, ‘मास्तर, तुमी शिवळ वापरत न्हाई. तुमी भिंत वापरायलाव. आमची सूज दोन दिसात उतरायची.’

त्यावर मी तुम्हाला बाळूदादाचा पाय काढून दाखवला. शब्दांत. प्रत्येक वेळी भांडण तिथंच येऊन थांबायचं, त्या पायाशी.

बाळूदादा लातुरात कोचिंगच्या मुलांसाठी मेस चालवतो. त्याच्या मेसमध्ये एकच पाटी आहे : जेवताना मार्क विचारू नयेत. तो कुणावर आवाज चढवत नाही. त्याच्या मुलीला, ऋतुजाला, त्यानं चापटसुद्धा मारलेली नाही. मुलगा म्हणून त्यानं सगळं केलं. तुम्हाला रोज फोन, औषधं, दिवाळीला धोतरजोडी. फक्त तुमच्या शेजारी तो कधी बसला नाही. मध्ये एक खुर्ची ठेवायचा.

एकदा मेसच्या मागं भांडी मोजताना तो मला म्हणाला होता, ‘मला माफी नको. त्या माणसानं एकदा, फक्त एकदा, “उडी कशाला मारलीस”च्या पुढं काहीतरी म्हणावं. एवढंच पाहिजे.’

मी तो निरोप तुम्हाला पोचवला. तुम्ही म्हणालात, ‘त्याला पायजे असंल तर त्यानं विचारावं.’ आपल्या घरात सगळे असे. मांडीवर तुळई असली तरी कुणी आधी बोलणार नाही.

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तुम्ही त्याला जवळ बोलावलंत. मी दारात होतो. मला वाटलं, आता.

‘थंडीत दुखतो का रं पाय?’

‘न्हाई,’ बाळूदादा म्हणाला.

दुखतो, नाना. प्रत्येक थंडीत दुखतो. तुम्हीही ते ओळखलंत. तुम्ही भिंतीकडं तोंड केलंत, त्यानं खुर्ची आणली, आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. मी तुमच्यावर इतका चिडलो होतो की मला रडू आलं नाही.

*

तर रस्त्यावर निखारे पडलेले. लोक कुजबुजायला लागले, अपशकुन झाला म्हणून. सभापतींनी फोनवर दुसरा ट्रॅक्टर मागवायला सुरुवात केली. ड्रायव्हर खाली उतरून ‘गाडीच खराब हाय’ असं सगळ्यांना सांगत होता.

तेवढ्यात ऋतुजा गर्दीतून आली. बारावीचं वर्ष, डोळ्यांवर चष्मा, केस ओढून बांधलेले. लातुरात मी तिला वर्गात शिकवतो. ती तिसऱ्या बाकावर बसते आणि फारसं बोलत नाही. तिनं ओढणी कमरेला बांधली आणि म्हातारीवर चढली. चढताना तिनं बॉनेटला हात लावला, बैलाच्या कपाळाला लावावा तसा. तो हात मी ओळखला. तो तुमचा हात होता.

बाळूदादा उठला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

‘उतर खाली.’

‘बाबा, मला येतंय.’

‘उतर म्हणलो ना. कुणी शिकवलं तुला?’

तिनं ट्रॉलीकडं बघितलं. तुमच्याकडं. ‘आजोबांनी. दोन वर्षं झाली. सुट्टीला यायची तेव्हा.’

बाळूदादा म्हातारीजवळ आला. तीस वर्षांनंतर इतक्या जवळ. त्यानं स्टिअरिंगला नाही, सीटला नाही, ऋतुजाच्या डाव्या पायाला हात घातला. सलवार वर सरकवून तिचा घोटा बघितला. मग दुसरा बघितला. सगळ्या गावासमोर, वाकून, बाजारात बैलाचे पाय बघतात तसा.

‘मारलं त्यांनी तुला?’

‘नाही.’

‘खोटं बोलू नको.’

‘नाही मारलं, बाबा.’ तिनं सीटखालच्या पान्यांच्या डब्यात हात घातला आणि शिवळ बाहेर काढली. तीच. बाभळीची, घामानं काळी पडलेली. आम्ही सगळे चुलतभाऊ एक पाऊल मागं सरलो, अजूनही. ‘ही माझ्याकडं असायची. पहिल्या दिवशीच त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली. मी इथं, ते इथं मडगार्डवर. म्हणाले, माझा आवाज चढला की ह्यानं हाण. इथं, माझ्या मांडीच्या बाजूला. जोरात हाण, मला ऐकू आलं पायजे. हाणलं की ते गप्प बसायचे.’

तिनं झेंडूची माळ बाजूला केली.

डाव्या मडगार्डवर पोचे होते, नाना. एक-दोन नाहीत. लाल रंग उडून खालचा पत्रा उघडा पडला होता. काही गंजलेले, काही अगदी ताजे, चकचकीत. एकाच जागी, एकावर एक, इतके, की तिथला पत्रा आत बसला होता. तुमचा आवाज किती वेळा चढला असेल, आणि तुम्ही किती वेळा तो गिळला असेल, ते सगळं तिथं ठोकून ठेवलेलं होतं.

माझं भांडण तिथंच संपलं. जिंकल्याचा आनंद झाला नाही. उलट असा संताप आला की तुम्हाला ट्रॉलीतून उठवून विचारावं : कळलं होतं, तर आम्हाला सांगायला काय झालं होतं? नातीच्या हातात शिवळ देता आली, मुलाला एक वाक्य देता आलं नाही? सत्तरी उलटल्यावर, मोडक्या मांडीनं, एका पोरीकडून दर सुट्टीत पत्रा ठोकून घेत तुम्ही स्वतःला शिकवत होता, आणि मी लातुरात बसून तुम्हाला घर्षण समजावत होतो. एका शब्दानं बोलला नाहीत.

बाळूदादा त्या पोच्यांवरून बोट फिरवत राहिला. बराच वेळ. कुणी दुसऱ्या मडक्यात विस्तव भरून आणला. त्यानं तो घेतला. मग तो पुढं गेला, म्हातारीच्या तोंडासमोर उभा राहिला आणि तिच्याकडं पाठ केली.

‘चल,’ एवढंच म्हणाला.

ऋतुजानं क्लच दाबला. मी बॉनेटवरच्या माळांकडं बघत होतो. तिनं पाय उचलला आणि म्हातारी निघाली. एकही फूल हललं नाही. पुढं बाळूदादा लंगडत चालला होता, मागून त्याचा पाय तोडणारं चाक येत होतं, त्याच्या मुलीच्या पायाखाली, आणि नदीपर्यंत त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही.

*

नदीवर सभापती पुन्हा बोलले. तुमची ती शिवळ काचेच्या पेटीत ठेवून ग्रामपंचायतीत लावावी, संस्काराचं प्रतीक म्हणून, अशी त्यांनी सूचना केली. टाळ्या वाजवायच्या का नाहीत याचा लोकांना अंदाज येईना.

भाषण चालूच असताना बाळूदादानं तुम्हाला अग्नी दिला. लाकडं धडाडून पेटली. तो मागं आला आणि ऋतुजाच्या हातातली शिवळ त्यानं मागून घेतली. शिवळ हातात तोलत तो चितेकडं बघत उभा राहिला. आम्हाला वाटलं, आता ही आगीत जाणार. बाभूळ चांगली जळते. कुणी अडवलं नसतं.

तो वळला. लंगडत म्हातारीपाशी आला. मडगार्डपुढं उभा राहिला, पाय रोवले, दोन्ही हातांनी शिवळ डोक्यावर नेली, आणि सगळा जीव एकवटून हाणली. एकदाच. नदीकाठचे बगळे उठले. सभापतींचं भाषण अर्ध्यात थांबलं. ऋतुजाच्या सगळ्या पोच्यांना पोटात घेईल एवढा खोल पोचा पडला.

आवाज विरेपर्यंत कुणी हललं नाही. चितेतला एक ओंडका खाली बसला, बाकी सगळं शांत.

हाणलं की गप्प बसायचं, हा नियम तुमचाच होता, नाना. तुम्ही तो पाळलात.

ऋतुजा सीटवर चढली. बाळूदादानं शिवळ तिच्या मांडीवर ठेवली. मग हात टेकून, तोडका पाय आधी वर घेऊन, तो मडगार्डवर चढला आणि तुमच्या जागेवर बसला.

‘घरी चल,’ तो तिला म्हणाला. ‘आणि माझा आवाज चढला, तर हाण.’